पाणी जपा, लेकरं जपा

सोनई हे नेवासे तालुक्यातले गाव. हा भाग सह्याद्रीच्या पूर्वेला. ढग डोंगरावर बरसून रिते होतात, म्हणून इकडे पाऊस कमी. १९७२ चा दुष्काळ जुन्या माणसांना आठवतो. तेव्हा उन्हाळ्यात पाण्याचा थेंबही वाया घालवू नये.

मग परसबाग जगवायची कशी? न्हाणीचे पाणी केळीला, नारळीला सोडा. वेलभाज्यांसाठी साधे मातीचे मडके घ्या. दोडक्याच्या किंवा कारल्याच्या आळ्यात ते गळ्यापर्यंत पुरा. त्यात पाणी भरा, वर झाकण ठेवा. मडक्याला बारीक छिद्रे असतात. त्यांतून पाणी हळूहळू मुळांशी झिरपते. उन्हाने उडून जात नाही. आळ्यात उसाचे पाचट अंथरा, म्हणजे ओल टिकते. पाचट जाळू नका, बरं का!

आता नदीचे सांगतो. सुटीत लेकरं पोहायला पळतात. मुळा नदी लांब नाही. तिच्यावर बारागाव नांदूरला धरण आहे. धरणातून पाणी सुटले की कोरडे पात्र भरते. वाळू उपसलेले खड्डे मग वरून दिसत नाहीत. काल गुडघाभर पाणी होते, तिथे आज पुरुषभर असते.

म्हणून लेकरांना एकटे पाठवू नका. कोणी बुडू लागले तर पोहता न येणाऱ्याने उडी घेऊ नये. बुडणारा माणूस मिठी मारतो आणि दोघेही जातात. काठावरून दोर, लुगडे किंवा लांब काठी द्या. झाकण लावलेला रिकामा डबा फेका, तो तरंगतो. आणि मोठ्याने हाका मारा.

झाड वाळले तर पुन्हा लावता येते. लेकरू गेले तर परत येत नाही.