संगणक सुरू होत नाही? घाई फॉरमॅटची नको!

भाईंदर पश्चिमेहून उत्तनच्या रस्त्याला लागले, की मुर्धा, राई, मोर्वा ही गावे लागतात. जवळच मिठागरे, खाडी आणि पुढे समुद्र. ही खारी हवा दाराच्या कड्यांना सोडत नाही, तशी संगणकालाही सोडत नाही.

हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली, की मीठ हवेतले पाणी ओढून विरघळू लागते. किनाऱ्यावर पावसाळ्यात एवढी आर्द्रता नेहमीचीच. धुळीबरोबर आत गेलेले खारट कण मग ओलसर थर धरतात. रॅमच्या टोकांवर सोन्याचा मुलामा असतो खरा, पण अतिशय पातळ. त्याच्या सूक्ष्म छिद्रांतून खालचा धातू गंजतो आणि जोडणी कच्ची होते. म्हणून ऐन पावसाळ्यात बंद पडलेला संगणक लगेच भंगारात काढू नये. वीज ज्या वाटेने आत जाते, त्याच क्रमाने बिघाड शोधावा.

दिवाच लागत नाही

आधी त्याच सॉकेटवर दुसरे उपकरण लावून पाहा. मग केबल बदला, डेस्कटॉपच्या मागचा स्विच तपासा. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून पॉवरचे बटण अर्धा मिनिट दाबून धरा आणि पुन्हा चार्जर लावा. एवढ्यानेही काही यंत्रे जागी होतात. डेस्कटॉपचा एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, मात्र घरी उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये धोकादायक वीज साठलेली असते.

पंखा फिरतो, पडदा काळा

बटण दाबताच संगणक आधी स्वतःची तपासणी करतो. त्यात अडखळला तर जुने मदरबोर्ड बीप देतात. काही नव्या बोर्डांवर सीपीयू, डीरॅम अशा नावांचे बारीक दिवे लागतात. संशय रॅमवर असेल तर प्लग काढा, धातूच्या सांगाड्याला हात लावून अंगातली स्थिर वीज जाऊ द्या आणि रॅम बाहेर काढा. मऊ कापडावर आयसोप्रोपाइल अल्कोहोल घेऊन टोके पुसा, सुकू द्या, मग खटका बसेपर्यंत दाबून बसवा. संगणकाचे घड्याळ सारखे मागे जात असेल तर मदरबोर्डवरची ३ व्होल्टची सीआर २०३२ बटण-बॅटरी बदला.

लोगो येऊन थांबतो

इथवर पोहोचलेल्या संगणकाचा बिघाड बहुधा डिस्कमध्ये किंवा विंडोजमध्ये असतो. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सायबरसुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले, विमानतळ खोळंबले. यंत्रे धडधाकट होती. सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल काढली, की ती सुरू होत होती.

घरच्या संगणकाबाबतही हे लक्षात ठेवावे. विंडोज उठत नाही म्हणजे फोटो, मुलांचे प्रोजेक्ट, सातबाऱ्याच्या स्कॅन प्रती गेल्या असे नव्हे. डिस्क शाबूत असेल तर ती दुसऱ्या संगणकाला जोडून सारे उतरवून घेता येते. डिस्कला कुलूप लावणारे विंडोजचे बिटलॉकर चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की लागते. ती आजच शोधून कागदावर उतरवून ठेवा. डिस्क कटकट आवाज करत असेल तर पुन्हापुन्हा सुरू करून तिला ताण देऊ नका.

आणि दुरुस्तीच्या दुकानात संगणक ठेवताना, दर विचारण्याआधी, एवढे बजावून सांगा: आधी डेटा काढा, मला विचारल्याशिवाय फॉरमॅट मारू नका. पार्ट नवा मिळतो; घरातल्या माणसांचे फोटो बाजारात मिळत नाहीत.