व्हॉट्सअ‍ॅप चोरीला जाण्याआधी लावा सहा आकडी पिनचं दुसरं कुलूप

‘दादा, चुकून माझा सहा आकडी कोड तुमच्या मोबाईलवर गेलाय, जरा पाठवा ना.’ असा मेसेज बऱ्याचदा ओळखीच्याच नंबरवरून येतो. पाहुण्यांचा नंबर दिसतो म्हणून आपण कोड पाठवतो. लगेच आपलं व्हॉट्सअ‍ॅप बंद पडतं. मग आपल्याच नावाने सगळ्या नातेवाईकांना मेसेज सुटतात, ‘दवाखान्यात आहे, दहा हजार टाका.’ नाव आणि फोटो बघून माणसं पैसे टाकतातही.

नेमकं होतं काय?

नव्या मोबाईलमध्ये व्हॉट्सअ‍ॅप चालू करताना नंबर टाकावा लागतो. त्या नंबरवर एसएमएसने सहा आकडी कोड येतो. चोरटा त्याच्या मोबाईलमध्ये आपला नंबर टाकतो, पण कोड येतो आपल्याकडे. तो काढून घेण्यासाठी ही सगळी बनवाबनवी. ज्या पाहुण्याच्या नंबरवरून मेसेज आला, त्याचं व्हॉट्सअ‍ॅप बहुतेक आधीच चोरट्याच्या हातात गेलेलं असतं.

यावर उपाय म्हणजे ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’, म्हणजे दोन टप्प्यांची तपासणी. एसएमएसचा कोड टाकल्यावरही व्हॉट्सअ‍ॅप आणखी एक पिन मागतं. हा पिन आपण स्वतः ठरवलेला असतो, तो एसएमएसने येत नाही. त्यामुळे कोड चुकून दिला गेला तरी चोरट्याचं काम अडतं. ही सोय फुकट आहे.

असं करा

१. व्हॉट्सअ‍ॅप उघडून ‘सेटिंग्ज’मध्ये जा.
२. ‘अकाउंट’ आणि मग ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’ दाबा.
३. चालू करून सहा आकडी पिन दोनदा टाका.
४. पुढे ईमेल विचारतो, तो टाका. पिन विसरला तर याच ईमेलवरून नवा करता येतो. ईमेल नसेल तर सात दिवस थांबावं लागतं.

हे लक्षात ठेवा

जन्मतारीख, गाडीचा नंबर किंवा १२३४५६ असा पिन नको. बऱ्याच जणांचा मोबाईल पुतण्या नाहीतर मोबाईल दुकानदार चालू करून देतो. मदत घ्या, पण पिन स्वतःच्या हाताने टाका आणि ईमेलही स्वतःचाच द्या. अधूनमधून व्हॉट्सअ‍ॅप पिन विचारतं, ते तुम्हाला आठवणीत राहावा म्हणून. पण फोन करून किंवा मेसेजवर कोणी पिन मागितला, तर तो चोरटाच समजा.

गुगल खात्यालाही अशीच सोय आहे. गुगल खात्याच्या ‘सिक्युरिटी’मध्ये ती सापडते. तिथे मिळणारे बॅकअप कोड वहीत लिहून घरात ठेवा. मोबाईल हरवला तर तेच कामाला येतात.

व्हॉट्सअ‍ॅप आधीच गेलं असेल तर

आपल्या मोबाईलमध्ये पुन्हा नंबर टाका आणि आलेला एसएमएस कोड भरा. तेवढ्याने चोरटा बाहेर पडतो. त्याने स्वतःचा पिन लावून ठेवला असेल तर आपल्याला सात दिवसांनी आत जाता येतं, पण तोही आत राहत नाही. तोवर नातेवाईकांना साधा फोन करून ‘पैसे टाकू नका’ असं सांगा.

कोणी पैसे टाकले असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाईनवर फोन करा आणि बँकेलाही कळवा. जितक्या लवकर तक्रार, तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.