कोळसा तमनारचा, वीज चंद्रपूरची
लेखमाला : ऊर्जेची वाटचाल – लेखांक ७

मागच्या लेखांकात आपण धुळे जिल्ह्यातल्या साक्रीजवळचा महाजनकोचा १२५ मेगावॉटचा सौरप्रकल्प पाहिला. शेवटी एक प्रश्न उरला होता : सूर्य मावळल्यावर काय? तो प्रश्न घेऊन या आठवड्यात रायपूरला जाऊ. मराठी वाचकाला हे शहर परकं नाही. भोसल्यांच्या काळापासूनचा संबंध आहे, आणि १९५६ पर्यंत रायपूरकरांची राजधानीही नागपूरच होती. पण आजचा धागा त्याहून थेट आहे. रायगड जिल्ह्यातल्या (हा छत्तीसगडचा रायगड) तमनार तालुक्यात 'गारे पेलमा सेक्टर २' नावाचा कोळशाचा पट्टा आहे. २०१५ साली तो महाजनकोला, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या वीजनिर्मिती कंपनीला मिळाला. चंद्रपूर, कोराडी आणि परळीच्या संचांसाठी तिथून वर्षाला २.३६ कोटी टन कोळसा काढायची योजना आहे. म्हणून स्वच्छ ऊर्जेवर रायपुरात जो वाद चालतो, त्यात आपणही एक पक्ष आहोत.

आधी आकाराचा अंदाज घेऊ, कारण तो नसला की हा सगळा विषय घोषणांत वाहून जातो. नागपूरहून रेल्वेने रायपूरला जाताना डोंगरगड आणि राजनांदगाव लागतं. त्या परिसरात फेब्रुवारी २०२४ मध्ये सोलर एनर्जी कॉर्पोरेशनचा १०० मेगावॉटचा सौरप्रकल्प सुरू झाला. त्याच्यासोबत ४० मेगावॉटची बॅटरी आहे, आणि ती १२० मेगावॉट-तास, म्हणजे १ लाख २० हजार युनिट वीज साठवते. दुपारचं ऊन धरून ठेवायचं आणि संध्याकाळी दिवे लागले की तीन तास ग्रिडला द्यायचं, असं तिचं काम. उद्घाटनाच्या वेळी ती देशातली सर्वांत मोठी सौर-बॅटरी व्यवस्था होती. खर्च सुमारे ९०० कोटी रुपये.

आता शेजारी छत्तीसगडमधल्याच कोरब्याची कोळशाची वीज ठेवा. तिथलं एनटीपीसीचं एकच केंद्र २६०० मेगावॉटचं आहे. ते पूर्ण क्षमतेने चाललं तर राजनांदगावच्या बॅटरीत मावते तेवढी वीज तीन मिनिटांच्या आत तयार करतं. राजनांदगावच्या प्रकल्पातून वर्षभरात अपेक्षित असलेली साधारण २४ कोटी ३५ लाख युनिट वीज कोरबा चार दिवसांत देऊ शकतं. हे गणित सौरऊर्जेला कमी लेखण्यासाठी मांडलेलं नाही. दुपारच्या विजेत सूर्याने कोळशाला किमतीत हरवलंय, हे आता वीज कंपन्यांचे अभियंतेही मान्य करतात. त्यांची चिंता संध्याकाळी सहा ते रात्री अकराची आहे. कोळशाचा संच दुपारी बंद करून संध्याकाळी पुन्हा पेटवणं सोपं नसतं. बॉयलर थंड होऊ द्यायचा नाही म्हणून तो कमी भारावर चालत ठेवावा लागतो. तेव्हा तो दर युनिटला जास्त कोळसा खातो आणि त्याची यंत्रसामग्रीही लवकर झिजते. दुपारी सौर वीज जितकी वाढेल तितकी ही ओढाताण वाढते. म्हणूनच रायपुरातल्या तांत्रिक चर्चेत आज पॅनेलपेक्षा साठवणुकीचा विषय जास्त निघतो.

साठवणुकीचा दुसरा मार्ग पाण्याचा. आपल्याकडे घाटघरला २५० मेगावॉटचा असा प्रकल्प आहे : दोन जलाशय, एक वर, एक खाली. वीज जास्त असेल तेव्हा पाणी वर चढवायचं, टंचाईच्या वेळी खाली सोडायचं. छत्तीसगडच्या उत्तरेकडे डोंगर आहेत, त्यामुळे तिथे अशा प्रकल्पांचे मोठे प्रस्ताव आले आहेत. जाणकारांचा आक्षेप एवढाच की ते डोंगर मोकळे नाहीत. त्यांच्यावर जंगल आहे आणि जंगलात गावं आहेत.

तिसरा मार्ग तारांचा, आणि मला तो सर्वांत कमी चर्चिला गेलेला वाटतो. रायपूरपासून तमिळनाडूतल्या पुगलूरपर्यंत ८०० किलोव्होल्टची, ६००० मेगावॉट वाहून नेणारी एकदिश प्रवाहाची (डीसी) वाहिनी गेली आहे. लांबी सुमारे १७६५ किलोमीटर. छत्तीसगडच्या कोळशाची वीज दक्षिणेत न्यावी, हा तिचा मूळ हेतू. पण तिची रचना वीज उलट दिशेनेही आणू शकते. दक्षिणेत पावसाळी वारे जोरात असताना तिकडची पवनवीज याच तारांतून मध्य भारतात येऊ शकते. कोळशासाठी बांधलेली व्यवस्था वाऱ्यासाठी वापरता येते, तीही नवी जमीन न घेता.

हे सगळं असताना गुंतवणूक कुठे जातेय? मार्च २०२५ मध्ये रायपुरात ऊर्जा गुंतवणूकदारांची परिषद झाली. सुमारे तीन लाख कोटी रुपयांचे प्रस्ताव जाहीर झाले. त्यांत अणुऊर्जा होती, पाण्याची साठवण होती, आणि औष्णिक विजेचे प्रस्ताव एक लाख कोटींच्या वर होते. सौरऊर्जेच्या वाट्याला त्या औष्णिक रकमेच्या दहाव्या हिश्शाएवढी रक्कम. २०२५ च्या मध्यात देशाने जाहीर केलं की स्थापित क्षमतेत जीवाश्म इंधनाबाहेरच्या स्रोतांचा वाटा निम्म्यावर गेला. खरं आहे, आणि अभिमानाचंही आहे. पण क्षमता म्हणजे वीज नव्हे. प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत कोळसा अजून सत्तर टक्क्यांच्या आसपास आहे, आणि त्याचा मोठा भार कोरबा-रायगडचा पट्टा वाहतो.

विजेपेक्षाही अवघड गाठ रायपूरच्या उत्तरेला, सिलतरा आणि उरला या औद्योगिक वसाहतींत आहे. इथे स्पंज आयर्नचे कारखाने आहेत. फिरत्या लांबलचक भट्टीत लोहखनिज आणि कोळसा हजार अंशांच्या आसपास तापवतात. इथे कोळसा नुसतं जळण नाही. खनिजातला ऑक्सिजन ओढून घेण्याचं काम त्यातला कार्बनच करतो. त्यामुळे छपरावर कितीही पॅनेल बसवले तरी या भट्टीतला कोळसा हटत नाही. त्याला पर्याय नैसर्गिक वायू किंवा हायड्रोजन, आणि दोन्ही आज इथल्या मध्यम कारखानदाराच्या आवाक्याबाहेर आहेत. पुढची पायरी, इंडक्शन फर्नेस, मात्र विजेवर चालते. तिथे स्वच्छ वीज लगेच कामाला येईल. वीजदर हा या धंद्याचा प्राण आहे. जुलै २०२४ मध्ये दरवाढीविरोधात इथल्या पोलाद कारखान्यांनी उत्पादनच बंद ठेवलं होतं.

केंद्राने डिसेंबर २०२४ मध्ये 'हरित पोलादा'ची व्याख्या केली : एक टन पोलादामागे २.२ टनांपेक्षा कमी कार्बन डायऑक्साइड. कोळशाच्या स्पंज आयर्नला ही रेषा फार दूरची आहे. युरोपीय महासंघाचा आयात मालावरचा कार्बन-आकार १ जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष लागू झाला आहे. इथला बहुतेक माल देशातच खपत असल्याने त्याचा फटका लगेच बसणार नाही, पण बँका आणि मोठे खरेदीदार हा आकडा विचारू लागतील. सिलतऱ्याच्या आसपासच्या वस्त्यांना युरोपचं कारण लागत नाही. गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर बसणारी काळी धूळ त्यांना रोज दिसते. २०१६ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत सूक्ष्म धूलिकणांच्या बाबतीत रायपूर जगात सातवं होतं.

तज्ज्ञांचं मत एकच असतं, असा आपला समज असतो. उत्तर छत्तीसगडमधल्या, कोळशावर वसलेल्या हसदेव अरण्याने तो पुरता मोडला. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या २०१४ च्या आदेशानंतर तिथल्या जैवविविधतेचा अभ्यास झाला आणि २०२१ मध्ये अहवाल आला. त्यात भारतीय वन्यजीव संस्थेने सांगितलं की चालू खाणीपलीकडे या जंगलात खाणकाम नको, हत्ती-माणूस संघर्ष हाताबाहेर जाईल. त्याच अभ्यासात भारतीय वानिकी संशोधन परिषदेने कडक अटींवर चार पट्ट्यांचा विचार करता येईल असं म्हटलं. सरकारला दोन्ही मतं वाचायला मिळाली आणि परवानग्या दुसऱ्या मतानुसार निघाल्या. २०२१ च्याच ऑक्टोबरात हसदेवचे गावकरी सुमारे ३०० किलोमीटर चालत रायपूरला आले. जुलै २०२२ मध्ये विधानसभेने तिथले कोळसा पट्टे रद्द करावेत असा ठराव एकमताने केला. खाण थांबली नाही. तो कोळसा राजस्थानच्या वीज कंपनीसाठी निघतो. सौरक्षमतेत देशात आघाडीवर असलेल्या राजस्थानच्या.

इथे पैशाचा मुद्दा येतो, आणि माझ्या मते सगळं घोडं इथेच अडतं. कोळशावर १४ टक्के रॉयल्टी राज्याला मिळते. विजेवरचा कर मात्र राज्यघटनेनुसार वापरावर किंवा विक्रीवर लागतो, त्यामुळे बाहेर गेलेल्या विजेचं शुल्क वापरणारं राज्य घेतं. राख, धूळ आणि विस्थापन कोरब्यात राहतं. स्वच्छ ऊर्जेच्या नावाने केंद्राने २०१० मध्ये कोळशावर टनामागे ५० रुपये उपकर लावला. २०१६ पर्यंत तो ४०० रुपये झाला. २०१७ मध्ये त्याची जागा जीएसटी भरपाई उपकराने घेतली आणि पैसा राज्यांच्या महसुली नुकसानीकडे वळला. २२ सप्टेंबर २०२५ ला तोही संपला. कोळशावरचा जीएसटी ५ वरून १८ टक्के झाला. कोळसा जिल्ह्यांना उद्याच्या रोजगारासाठी तयार करायला हक्काचा निधी असा उभा राहिलाच नाही. जिल्हा खनिज निधी आहे, पण तो शाळा, पाणी, दवाखान्यांच्या आजच्या गरजांनाच पुरत नाही. जिथे खाण बंद पडल्यावर चहाच्या टपरीपासून ट्रकमालकापर्यंत सगळे एकदम रिकामे होतील, तिथे राज्य सरकार कोळसा सोडायला तयार कसं होईल?

धोरणाची ओढाताण घरातही दिसते. २०१९ पासून छत्तीसगडमध्ये ४०० युनिटपर्यंत वीजबिल निम्मं होत असे. स्वस्त बिलात छतावर सौर पॅनेल कोण बसवणार? ऑगस्ट २०२५ मध्ये ही मर्यादा १०० युनिटवर आणली, ओरड झाल्यावर डिसेंबरात २०० केली. दरम्यान छतावरच्या सौर संचासाठी केंद्राच्या कमाल ७८ हजारांवर राज्याने आपले ३० हजार घातले. शेतात हे सोपं गेलं : २०१६ च्या सौर सुजला योजनेतून लाखाहून अधिक सौरपंप लागले, कारण अनेक ठिकाणी विजेची तार पोचलीच नव्हती.

आता पुन्हा तमनार. १४ गावं, सुमारे २५८३ हेक्टर. हरित न्यायाधिकरणाने जानेवारी २०२४ मध्ये या खाणीची पर्यावरण मंजुरी रद्द केली. ऑगस्टमध्ये ती पुन्हा मिळाली आणि जून २०२५ मध्ये झाडं पडू लागली. महाराष्ट्राच्या वीजदराच्या सुनावण्यांत या कोळशाची किंमत टनाला किती, एवढीच नोंद होते. खाण संपेल तेव्हा त्या गावांचं काय, याचा खर्च त्या किमतीत धरलेला नसतो. तो धरावा, दर टनामागे ठरावीक रक्कम त्या तालुक्याच्या नावाने बाजूला पडावी, आणि ही मागणी महाराष्ट्राच्या ग्राहकांनी आपल्या वीज नियामक आयोगापुढे करावी, असं मला ठामपणे वाटतं. युनिटमागे काही पैसे वाढतील. ते आपण द्यायला हवेत, कारण आजवर ते तमनारच्या लोकांनी दिले आहेत.

(पुढील लेखांकात : घाटघरपासून पश्चिम घाटातल्या नव्या उदंचन प्रकल्पांपर्यंत – पाण्यात साठवलेली वीज आणि तिची किंमत.)