विध्वंसाचे इंग्रजी शब्द आणि त्यांच्या अर्थच्छटा : पानिपतच्या आधारे

इतिहासाचा पेपर इंग्रजीतून लिहिताना अनेक विद्यार्थी एक वाक्य सहज लिहून जातात : १७६१ मध्ये पानिपतावर मराठी सत्ता ‘अनायलेट’ झाली. व्याकरण ठीक असते, स्पेलिंगही बरोबर असते (मधला ‘एच’ उच्चारात येत नाही, हे लक्षात ठेवा). तरीही वाक्य चुकते, आणि चुकतो तो इतिहास. ‘अनायलेट’च्या पोटात ‘निहिल’ हा लॅटिन शब्द आहे. त्याचा अर्थ ‘काहीही नाही’. जे अनायलेट होते त्याचे मागे काही उरत नाही. पानिपतानंतर दहाच वर्षांनी, १७७१ मध्ये, मराठी फौजांनी पुन्हा दिल्ली घेतली आणि पुढच्या वर्षी बादशहा शाह आलम महादजी शिंद्यांच्या पाठबळावर राजधानीत परतला. म्हणजे हा शब्द वापरणाऱ्याने नकळत एक खोटे विधान केलेले असते.

अडचण अशी की आपण मराठीत ‘नाश’ शिकतो, त्याला ‘डिस्ट्रॉय’ जोडतो आणि थांबतो. समानार्थी शब्दांच्या कोशात पुढे वीस-पंचवीस शब्द दिसतात, पण कोश त्यांना एका रांगेत बसवतो. फरक सांगत नाही. वर्गात मी एकच प्रश्न विचारायला सांगतो : घाव बसल्यानंतर काय उरले?

‘डॅमेज’मध्ये वस्तू उरते आणि दुरुस्त होऊ शकते. (शेवटी ‘एस’ लावून ‘डॅमेजेस’ म्हटले की कायद्याच्या भाषेत अर्थ नुकसानभरपाई होतो. नुकसान अनेक प्रकारचे झाले म्हणून अनेकवचन करू नका.) ‘डिस्ट्रॉय’मध्ये दुरुस्तीची आशा संपते. ‘डिमॉलिश’ मुख्यतः बांधकामाचे होते आणि बहुधा ते पाडणारा कोणी असतो : महापालिका, ठेकेदार, सैन्य. ‘रेझ’ त्याच्याही पुढे जाते. जमीनदोस्त, भिंतही उभी नाही. इथे एक सापळा आहे. आर-ए-झेड-ई असे लिहिले तर पाडणे, आर-ए-आय-एस-ई असे लिहिले तर उभारणे, आणि उच्चार दोन्हींचा एकच! ऐकून लिहिताना संदर्भ पाहिल्याशिवाय स्पेलिंग लिहू नये.

‘रुइन’ हा सर्वांत फसवा शब्द. त्यात वस्तू उरते, तिचे मोल जाते. अवकाळी पावसात काढणीला आलेला कांदा, शाई सांडलेला शालू, एका घोटाळ्याने गेलेली अब्रू, हे सारे ‘रुइन’. पडका किल्ला उभा असतो, म्हणूनच त्याच्या अवशेषांना ‘रुइन्स’ म्हणतात. मात्र दूध नासले तर ‘स्पॉइल’ म्हणावे. आपल्या ‘नासणे’ या क्रियापदात दूधही येते आणि पोरही येते. योगायोगाने ‘स्पॉइल’मध्येही दोन्ही बसतात. ‘डेव्हस्टेट’ला मात्र विस्तार लागतो : पुराने जिल्हा, दुष्काळाने प्रदेश. त्याच्या मुळाशी ओसाड करण्याचा अर्थ आहे. खुर्ची डेव्हस्टेट होत नाही. माणूस होतो, पण मनाने.

आता रणांगणावर येऊ. १४ जानेवारी १७६१. सकाळपासून लढाई तुल्यबळ चालली होती. दुपारी विश्वासराव गोळी लागून पडले, सदाशिवरावभाऊ गर्दीत दिसेनासे झाले आणि फौज फुटली. या फुटण्याला इंग्रजीत ‘राउट’ असा नेमका शब्द आहे : नुसता पराभव नव्हे, तर रांगा मोडून दाही दिशांना पळ. रस्ता या अर्थाचा ‘रूट’ याचा सख्खा भाऊ. दोघेही ‘मोडलेले’ या अर्थाच्या एकाच लॅटिन शब्दातून आले आहेत. ‘राउट’ला मराठीत ‘दाणादाण’ किंवा ‘वाताहत’ चालेल. मराठी वर्तमानपत्रांत निवडणुकीनंतर अमक्या पक्षाचे ‘पानिपत झाले’ असे छापून येते, तिथेही इंग्रजी बातमीदार ‘राउट’च वापरील. ‘वॉटर्लू’ हा त्याला पर्याय वाटतो, तोही लढाईच्या गावावरूनच आलेला. पण १८१५ च्या वॉटर्लूनंतर नेपोलियन उठला नाही. वॉटर्लू म्हणजे अखेरचा पराभव. पानिपत तसे नव्हते, हे आपण वर पाहिलेच.

मराठी छावणीत लढणाऱ्यांबरोबर स्त्रिया, यात्रेकरू, बाजारबुणगे असे असंख्य लोक होते. लढाई संपल्यावर त्यांची आणि कैद्यांची जी कत्तल झाली तिला ‘मॅसकर’ म्हणावे. या शब्दाची अट एकच : मरणाऱ्याला प्रतिकार करता येत नाही. म्हणून १४ तारखेच्या दुपारपर्यंतच्या लढाईला ‘मॅसकर’ म्हणणे हा लढून पडलेल्यांवर अन्याय आहे, आणि नंतरच्या कत्तलीला नुसते ‘बॅटल’ म्हणणे हा निःशस्त्रांवर. ‘कार्नेज’ कोणी मारले हे सांगत नाही. तो प्रेतांनी भरलेल्या मैदानाच्या दृश्याचा शब्द आहे. ‘डेसिमेट’चा उगम रोमन सैन्यातल्या शिक्षेत आहे : दहातला एक चिठ्ठीने निवडून मारायचा. आज त्याचा अर्थ ‘मोठा भाग नष्ट करणे’ असा रूढ झाला आहे, आणि त्यावर हुज्जत घालण्यात मला अर्थ दिसत नाही. फक्त ‘पन्नास टक्के डेसिमेट’ असे लिहू नका. दहाचा हिशेब आठवणाऱ्या वाचकाला हसू येईल.

पराभवाची बातमी उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांना वाटेत सावकाराच्या सांकेतिक पत्रातून कळली. त्यात दोन मोती गळाल्याचे, सत्तावीस मोहरा गेल्याचे आणि चांदी-तांब्याच्या नाण्यांची मोजदाद नसल्याचे कळवले होते. मोती म्हणजे भाऊसाहेब आणि विश्वासराव, मोहरा म्हणजे सरदार, उरलेले सैनिक. इंग्रजी इतिहासग्रंथांत ‘गळणे’साठी ‘डिझॉल्व्ह’, म्हणजे विरघळणे, आले. मला ते अपुरे वाटते. मोती गळतो तो दागिन्यातून, हारातून. दागिना मागे राहतो आणि त्यातली रिकामी जागा दिसत राहते. हा अर्थ विरघळण्यात येत नाही.

मराठीतही आपण शब्दांशी सैल वागतो. ‘बेचिराख’ ऐकले की राख डोळ्यांसमोर येते, पण तो फारसीतून आलेला ‘बे-चिराग’ आहे : जिथे दिवा लागत नाही असे गाव. गाव जळलेच पाहिजे असे नाही. लोक निघून गेले तरी ते बेचिराख. इंग्रजीत सांगायचे तर कधी ‘बर्न्ट डाउन’, कधी ‘डेझर्टेड’. आधी कोणते ते ठरवा, मग लिहा.

आजचे पानिपत कापडासाठी ओळखले जाते, आणि विध्वंसाचा एक शब्द तिथे रोजच्या व्यवहारात आहे : ‘म्यूटिलेट’. मुळात तो शरीराचा शब्द, अवयव तोडून विद्रूप करणे. परदेशातून येणारे वापरलेले, घालण्याजोगे कपडे भारतात आणण्यावर निर्बंध आहेत. चिंध्या आणता येतात. सीमाशुल्काच्या यादीत कपडे ६३०९ या शीर्षकाखाली आणि चिंध्या ६३१० खाली येतात. म्हणून आयात होणारे लोकरी कोट, स्वेटर आधी कापले जातात, पुन्हा अंगात घालता येऊ नयेत इतके. तेव्हा ते ‘म्यूटिलेटेड रॅग्ज’ ठरतात. इथे ‘डॅमेज्ड’ लिहिले तर अधिकारी माल अडवील, कारण डॅमेज झालेला कोट शिवून घालता येतो. ‘डिस्ट्रॉइड’ लिहिले तर आयात करायला काही उरतच नाही. घालण्याचा उपयोग जावा आणि लोकर राहावी, असा शब्द हवा होता. पुढे पानिपतमध्ये बटणे, चेन काढून, रंगांनुसार निवडून त्या चिंध्या यंत्रात पिंजल्या जातात. या पायरीला ‘श्रेड’ म्हणतात. त्यातून निघणाऱ्या सुताचे नाव ‘शॉडी’; हाच शब्द इंग्रजीत पुढे ‘निकृष्ट’ या अर्थाने रूढ झाला. त्या सुताची स्वस्त ब्लँकेटे विणली जातात आणि पूर-भूकंपानंतर मदत म्हणून वाटलीही जातात.

सरावासाठी चार वाक्ये इंग्रजीत करा. प्रत्येक वाक्यात वेगळे क्रियापद वापरा आणि काय उरले ते कंसात लिहा : गारपिटीने द्राक्षबागा गेल्या. रस्त्यासाठी जुनी चाळ पाडली. धरणाखाली गेलेले गाव बेचिराख झाले. पहिल्याच फेरीत आमच्या संघाचे पानिपत झाले.