उघडून पाहता येणारं यंत्र

चंद्रपूर जिल्ह्यातल्या कोरपना तालुक्यात यंत्रांना तोटा नाही. गडचांदूर, आवारपूर, उपरवाही इथले सिमेंटचे कारखाने, त्यांच्या चुनखडीच्या खाणी, खाणींतले डंपर आणि रात्रंदिवस धावणारे ट्रक यांनी हा सगळा पट्टा भरलेला आहे. पण इथल्या शाळकरी पोराला ही यंत्रं फाटकाबाहेरूनच दिसतात. त्यांचा आवाज त्याच्या ओळखीचा असतो, धूळ त्याच्या घरावर बसते, मात्र त्यांचा एक नटसुद्धा त्याने कधी फिरवलेला नसतो. आपल्या हातांनी उघडावं, बिघाड शोधावा आणि पुन्हा जोडून चालू करावं असं मोठं यंत्र गावात असेल, तर ते म्हणजे जुना ट्रॅक्टर किंवा जुनी जीप. शनिवारी जीप खोलून बसणं आणि रविवारी कागदी लक्ष्यावर नेम धरणं हा शहरातल्या हौशी आणि पैसेवाल्या माणसांचा विरंगुळा मानला जातो. मला ही जोडी चंद्रपूर-गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांत मुलांना हात आणि नजर देणारी शाळा वाटते. ती इथे चालवता येईल आणि चालवावी, असं माझं म्हणणं आहे.

आधी यंत्राकडे पाहू. दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड या दोन अमेरिकी कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपा बनवल्या. युद्ध संपलं त्याच वर्षी, १९४५ मध्ये, महिंद्र बंधू आणि गुलाम महंमद यांनी ‘महिंद्र अँड महंमद’ ही कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम महंमद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, १९४८ मध्ये कंपनीचं नाव बदललं, आणि १९४९ पासून मुंबईत विलीजच्या सुट्या भागांतून जीप जोडली जाऊ लागली. पुढे आलेलं सीजे-३बी हे उंच नाकाचं मॉडेल आपल्याकडच्या दोन-तीन पिढ्यांनी तहसीलदार, रेंजर आणि फौजदार यांच्या बुडाखाली पाहिलं. ते नाक उंच का, याचं कारण इंजिनात आहे. सुमारे २२०० सीसीच्या त्या चार सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये बसवलेले होते. या रचनेमुळे इंजिनाची उंची वाढली आणि त्याला झाकायला बॉनेट वर उचलावं लागलं. अमेरिकेत हे मॉडेल १९६८ मध्ये बंद झालं, आपल्याकडे त्याची वंशावळ पुढे कित्येक वर्षं चालली. महिंद्रने १९६३ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर ट्रॅक्टर कंपनी काढली होती, आणि त्याच ट्रॅक्टरच्या घराण्यातलं डिझेल इंजिन नंतर जीपच्या बॉनेटखाली आलं. खेड्याच्या दृष्टीने ही फार मोलाची गोष्ट ठरली, कारण ट्रॅक्टर खोलणाऱ्या मिस्त्रीला जीप परकी राहिली नाही.

या गाडीत बिघाड कसा शोधतात ते जवळून पाहण्यासारखं आहे. पेट्रोल जीप चालू आहे, पण थडथडते आहे. म्हणजे चारपैकी एक सिलिंडर काम करत नाही. मिस्त्री प्लगच्या वायरी एकेक करून काढतो. वायर काढल्यावर इंजिन आणखी लंगडलं तर तो सिलिंडर जिवंत आहे. जी वायर काढूनही आवाजात काहीच फरक पडत नाही, तिचा सिलिंडर मेलेला. आता त्याचा प्लग शेजारच्या सिलिंडरच्या प्लगशी अदलाबदल करायचा. लंगडणं शेजारी सरकलं तर दोष प्लगचा होता. जागेवरच राहिलं तर वायर पाहायची, डेल्कोची म्हणजे डिस्ट्रिब्युटरची टोपी पाहायची, शेवटी व्हॉल्व्ह. पॉइंटचंही तसंच. फायबरची टाच कॅमच्या शेंड्यावर येईपर्यंत इंजिन हाताने फिरवायचं आणि पॉइंटच्या फटीत एका इंचाच्या हजार भागांपैकी वीस भाग जाडीची फीलर गेजची पट्टी सरकवायची. ती घासून जायला हवी, अडकायला नको आणि ढिली पडायलाही नको. त्या पट्टीचं घासणं बोटाला कळायला लागलं की मुलगा मोजमाप शिकला. इथे पाठांतराला वाव नाही आणि रागावून उपयोग नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, परिणाम पाहायचा, मग पुढची. विज्ञानाच्या पुस्तकात जिला प्रयोगपद्धती म्हणतात ती ग्रीसने माखलेल्या हातांनी अशी शिकता येते.

नेमबाजीचं शास्त्र याहून वेगळं नाही, हे बाहेरून लक्षात येत नाही. दहा मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावर दहाचा ठिपका फक्त अर्धा मिलिमीटर असतो आणि त्यावर ४.५ मिलिमीटरचा छर्रा मारायचा असतो. स्पर्धेत साठ छर्रे, सव्वा तासात. नेमबाज मागच्या बारीक भोकातून पाहतो, पुढच्या कड्यात काळं वर्तुळ मधोमध बसवतो, अर्धा श्वास सोडून थांबतो, ट्रिगर सरळ मागे दाबतो आणि छर्रा सुटल्यावरही क्षणभर तसाच स्थिर राहतो. खरं शिक्षण मात्र कागद जवळ आणल्यावर सुरू होतं. पाच छिद्रं एकमेकांना चिकटून डावीकडे खाली पडली असतील, तर नेमबाजाचं काही चुकलेलं नाही; साइटच्या दोन-चार खटक्यांत ती मध्यावर येतील. छिद्रं कागदभर विखुरली असतील, तर साइटला हात लावणं हाच गुन्हा. दोष पवित्र्यात, श्वासात किंवा बोटात आहे. सारखी होणारी चूक यंत्राची, विखुरलेली चूक माणसाची, हा भेद ज्याला कागदावर वाचता येतो त्याला तो इंजिनातही ऐकू येतो. नेहमी त्याच सिलिंडरला होणारा बिघाड सुटा भाग बदलून जातो. कधी होणारा, कधी न होणारा बिघाड बहुधा कोणाच्या तरी हातून ढिल्या राहिलेल्या जोडणीतला असतो. म्हणूनच या दोन गोष्टी मी एकत्र मांडतो आहे.

यावर पहिला आक्षेप येतो तो इतिहासातून, आणि तो रास्त आहे. जीप आणि बंदूक ही जोडी या जंगलांना नवी नाही. सर्चलाइट मारून, डोळे दिपलेल्या जनावरावर धावत्या जीपमधून गोळी झाडणं ही शिकारीची सर्वांत हलकी पद्धत होती आणि तिने मध्य भारतातलं वन्यजीवन ओरबाडलं. ताडोब्यात शिकारबंदी १९३५ मध्ये आली, राष्ट्रीय उद्यान १९५५ मध्ये झालं, पण शिकारीवर देशभर कडक बंधनं आली ती १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने. त्या शिकारीचं गौरवीकरण मला मान्य नाही. मात्र बंदुकीचा प्रवास जंगलातून लक्ष्याकडे होऊ शकतो, याचं उदाहरण महाराष्ट्रातच आहे. राधानगरीचं दाजीपूर जंगल कोल्हापूरच्या छत्रपतींचं शिकारीचं राखीव रान होतं. १९५८ मध्ये ते राज्यातलं पहिलं अभयारण्य झालं. त्याच राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात ४५१.४ गुण मिळवून कांस्यपदक घेऊन आला. शिकारीच्या रानाशेजारच्या गावातून कागदी लक्ष्यावरचा नेमबाज घडायला साठ-पासष्ट वर्षं लागली. घडवलं ते राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीने आणि पुढच्या शिस्तबद्ध सरावाने. रान जवळ असल्यामुळे काही तो घडला नाही.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. ज्या गडचिरोलीत नक्षली संघर्षात चार दशकं बंदुकीने माणसं मारली, जिथे गावकऱ्यांनी घरातल्या भरमार (तोंडाकडून दारू भरायच्या) बंदुका स्वतःहून पोलिसांच्या हवाली केल्या, त्याच्या शेजारी मुलांच्या हाती रायफल द्यायची? छर्ऱ्याची बंदूकही निरुपद्रवी नाही. अरुणाचल प्रदेशात २०२१ मध्ये सरकारला लोकांकडून एअरगन परत घेण्याची मोहीम काढावी लागली, कारण त्या बंदुकांनी पाखरं संपत चालली होती. हे सगळं मान्य करूनच मी म्हणतो की शस्त्र घरी नेण्याची मुभा एकाही मुलाला असू नये. रायफली केंद्राच्या कुलपात राहाव्यात, छर्रे मोजून द्यावेत, कागदावरची छिद्रं मोजून हिशेब लावावा आणि नोंदवही ठाणेदाराला कधीही पाहता यावी. भरमार जमा करणाऱ्या गावाने बंदुकीच्या दहशतीला नकार दिला आहे. त्या गावातल्या मुलीला नियमांच्या चौकटीतली रायफल देणं हा त्या नकाराचा अपमान नाही. हत्याराला शिस्तीखाली आणणं म्हणजे काय, हे तिला रेंजवर जितकं स्पष्ट कळेल तितकं भाषणातून कळणार नाही.

धुराचा आक्षेपही आहेच. कार्बोरेटरची जुनी गाडी नव्या गाडीपेक्षा जास्त घाण हवेत सोडते, यात वाद नाही. म्हणून ती रोजच्या वाहतुकीला वापरू नये, हे मला मान्य आहे, आणि कायद्याचाही रोख तोच आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा वेगळा क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीला २० हजार रुपये लागतात आणि अशी गाडी रोजच्या किंवा व्यापारी कामासाठी रस्त्यावर आणता येत नाही. शिकण्यासाठी एवढं पुरेसं आहे, कारण शिकण्याची जीप बहुतेक वेळ ठोकळ्यांवर उभीच असणार. आजच्या गाड्यांत संगणक असतो, मग हे जुनं ज्ञान कशाला, असंही विचारलं जातं. स्कॅनर बिघाडाचा क्रमांक सांगतो, कारण शोधायला माणूसच लागतो. ब्रेक, बेअरिंग, पाटे, रेडिएटर तर अजून तसेच आहेत. ताडोब्यात पर्यटकांना फिरवणारी जिप्सी घ्या. मारुतीने तिचं उत्पादन काही वर्षांपूर्वी थांबवलं, तरी सफारी चालू आहे ती जिल्ह्यातल्या मिस्त्रींच्या हातांवर.

उरतो खर्च आणि आत्मविश्वास. आत्मविश्वासाचं उत्तर जिल्ह्याने दिलं आहे: मे २०१८ मध्ये ‘मिशन शौर्य’ मोहिमेतून चंद्रपूरच्या आदिवासी आश्रमशाळांतल्या पाच विद्यार्थ्यांनी एव्हरेस्ट गाठलं. दर्जेदार प्रशिक्षण, नीट साहित्य आणि विश्वास टाकणारी यंत्रणा मिळाली तर ही मुलं काय करतात, हे त्यानंतर पुन्हा सिद्ध करण्याची गरज नाही. खर्चाबद्दल बोलायचं तर, स्पर्धेची परदेशी एअर रायफल लाखांच्या घरात जाते, हे खरं. पण सुरुवात देशी रायफलींवर होते आणि रेंजला लागते ती दहा मीटरहून थोडी लांब बंदिस्त खोली, भक्कम भिंत आणि चांगला उजेड. जीपला लागतो एक शेड, एक खड्डा, पान्यांचा संच आणि आठवड्याला दोन दिवस येणारा, मानधन मिळणारा जाणता मिस्त्री. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार मोठ्या कंपन्यांनी सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची असते, आणि त्या कामांच्या यादीत व्यवसायकौशल्यं आणि ऑलिंपिक खेळांचं प्रशिक्षण दोन्ही आहेत. चुनखडी कोरपन्याची जाते. त्या बदल्यात एक शेड आणि एक रेंज मागणं अवाजवी नाही.

पहिली तुकडी लहान असावी आणि तिच्यात निम्म्या मुली असाव्यात. रेंजवर मुलींच्या सहभागाचा प्रश्न महाराष्ट्रात केव्हाच सुटला आहे: तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोन प्रकारात विश्वविजेती झाली, राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलचं सुवर्णपदक जिंकलं. गॅरेजमध्ये मात्र मुलगी अजून अपवादानेच दिसते. तेव्हा शेडमधल्या पाळ्या लावताना, शनिवारी पहिला पाना मुलींच्या हाती द्यावा.