खरकट्यापासून इंधन

शाळेतील माध्यान्ह भोजन आटोपले की पातेल्याच्या तळाशी थोडा भात, थोडी आमटी उरतेच. भाजीची देठे व बटाट्याच्या साली वेगळ्याच. हे सारे उकिरड्यावर पडले म्हणजे दुर्गंधी सुटते, माश्या वाढतात. वस्तुतः कुजण्याची क्रिया त्याज्य नव्हे. ती कोठे होऊ द्यावी, एवढाच प्रश्न आहे.

इटालियन शास्त्रज्ञ व्होल्टा याने १७७६ साली तळ्यातील चिखल ढवळून वर येणारे बुडबुडे गोळा केले. तो वायू पेट घेतो असे त्याला आढळले. तोच मिथेन होय. जेथे हवा पोहोचत नाही, तेथे विशिष्ट सूक्ष्म जंतू तो निर्माण करतात.

हवाबंद टाकीत हे कार्य क्रमाक्रमाने चालते. काही जंतू अन्नाचे विघटन करून आम्ले बनवितात. दुसरे जंतू पुढे मिथेन तयार करतात. शेणावर चालणारी गोबरगॅस संयंत्रे परिचित आहेतच. परंतु शेणातील बरेचसे सत्त्व जनावराने आधीच पचविलेले असते; खरकट्यात ते शिल्लक असते. हे ओळखून डॉ. आनंद कर्वे यांनी पुण्याच्या ‘आरती’ संस्थेत घरगुती संयंत्र विकसित केले. त्यासाठी संस्थेस २००६ साली ॲश्डेन पुरस्कार मिळाला.

आरंभी टाकीत शेणकाला भरावा. जंतूंचे विरजण त्यातूनच मिळते. वायू नीट जळू लागल्यावर खरकटे बारीक करून, पाण्यात कालवून, रोज थोडथोडे घालावे. येथे लोभ नडतो. एकदम पुष्कळ खाद्य घातल्यास आम्ले वेगाने साचतात, मिथेन करणारे जंतू मागे पडतात, टाकी आंबते व शेगडी विझते. अशा वेळी काही दिवस खाद्य थांबवावे. थंडीतही जंतू मंदावतात. तेव्हा खाद्य कमी करावे.

हा वायू ज्वालाग्राही असल्याने टाकीजवळ विस्तव नेऊ नये. नळीची गळती साबणाच्या फेसाने तपासावी, काडी ओढून नव्हे. टाकीत कोणीही उतरू नये. आतील वायू प्राणघातक ठरू शकतो.

टाकीतून बाहेर पडणारी मळी शाळेच्या परसबागेस खत म्हणून द्यावी. ज्या भाजीची देठे टाकीत गेली, तीच भाजी पुन्हा वाफ्यात वाढताना मुले पाहतील. मात्र पानात अन्न टाकू नये, हा पहिला धडा त्यांनी विसरता कामा नये. टाकी उरलेल्या अन्नासाठी आहे, टाकलेल्या अन्नासाठी नव्हे.