धोटा अडतो

काकांची पिशवी यंत्रातून बाहेर येते, पण आमच्या हातात पडत नाही. पट्ट्याशी उभा असलेला तरुण जवान ती उचलतो आणि बाजूच्या टेबलावर ठेवतो. काका माझ्याकडे बघतात. पहाटेपासून पहिल्या विमानप्रवासाचा जो आनंद त्यांच्या चेहऱ्यावर होता, तो एका क्षणात उतरतो.

मुंबईत सहारच्या टर्मिनल दोनवर सकाळची गर्दी आहे. आम्ही भिवंडीहून अंधारातच निघालोय. अंजूरफाट्यापासून कशेळीच्या पुलापर्यंत गोदामांकडे जाणाऱ्या कंटेनरांच्या रांगेत अडकत, माजिवड्यावरून पुढे. काका पद्मानगरचे, पद्मशाली विणकर. त्यांचे वडील तेलंगणातून आले, माग चालवायला लागले आणि इथलेच झाले. आता मुलगी हैदराबादला आहे, नात तिथेच शाळेत जाते. त्यांच्याकडेच चाललेत.

"बाबा, ये क्या है?" जवान पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली वस्तू काढतो. कागद सुटतो आणि आतून धोटा निघतो. वापरून वापरून गुळगुळीत झालेलं काळपट लाकूड, मधे कांडी बसवायची खाच आणि दोन्ही टोकांना पोलादी अणकुचीदार टोप्या. काका हिंदीत समजावू पाहतात, मधेच तेलुगूत शिरतात, मग मराठीत येतात. धोटा म्हणजे काय हे ज्याने माग कधी पाहिलाच नाही त्याला रांगेत उभं राहून कसं सांगायचं? की हाच धावतो, हाच बाणा टाकतो, याच्याच खडखडाटावर अख्खं भिवंडी झोपतं आणि उठतं! काकांनी माग भंगारात घातले. हा एक तेवढा ठेवला, नातीला दाखवायला.

मागची रांग चुळबुळते. "अरे भाई, लकडी का टुकड़ा है, जाने दो," कुणीतरी म्हणतं. जवानाचे कान लाल होतात. पोरगा बावीस-तेवीसचा असेल. तो हात वर करून खूण करतो.

ती येते. खाकी गणवेश, खांद्यावर तीन तारे, हातात वॉकीटॉकी. पाळीची इन्चार्ज, विमानतळ राखणाऱ्या सीआयएसएफची इन्स्पेक्टर. पावलांत घाई नाही. मी पिशव्यांच्या रांगेत उभ्या उभ्या बराच वेळ तिच्याकडेच बघतोय. एकाच जागी ती थांबत नाही. दाराच्या चौकटीपाशी, महिलांच्या झडतीच्या पडद्यापाशी, पुन्हा एक्स-रेच्या पडद्यावर नजर लावून बसलेल्या जवानांच्या पाठीमागे. मघाशी तिने घड्याळ पाहिलं आणि एका जवानाच्या खांद्याला नुसता हात लावला. तो उठला, दुसरा बसला. एक्स-रेच्या पडद्यावर सलग वीस मिनिटांपेक्षा जास्त कुणाला बसवायचं नाही, असा नियम आहे. त्यानंतर डोळे उघडे राहतात, पण बघणं थांबतं. अशा यंत्रांत मधूनच बंदुकीची खोटी प्रतिमा एखाद्या खऱ्या बॅगेत मिसळून दाखवायचीही सोय असते. जवानाने ती पकडली की नाही याची नोंद होते. म्हणजे या बाईला सांभाळायचं आहे ते माणसांचं लक्ष. त्याचा साठा करता येत नाही, दर वीस मिनिटांनी ते नव्याने आणावं लागतं.

काकांनाही ती अदलाबदल दिसली होती. "आमच्याकडे बारा तासांची पाळी," ते मला हळूच म्हणाले होते. "एकाकडे सहा-सहा, आठ-आठ माग. धागा तुटला की डोळ्याआधी कानाला कळतं. पण पहाटे चारला कानही झोपतात. तेव्हाच कापड खराब होतं." इथे बिघाड झाला तर काय खराब होईल, ते आम्हा दोघांनाही बोलायची गरज वाटली नाही.

इन्स्पेक्टर धोटा हातात घेते. काकांकडे पाहून मराठीत विचारते, "हे काय आहे, काका?"

काका सांगतात. ती ऐकते, खरंच ऐकते. रांग थांबलेली असताना. टोकावर अंगठा दाबून बघते. मग वळून जवानाला विचारते, "तुम्हारा फैसला क्या है?"

पोरगा क्षणभर गोंधळतो. त्याला वाटलं असावं, मॅडमच ठरवतील. मग ताठ होतो. "नहीं जाएगा, मैडम. दोनों तरफ नोक है, लोहे की."

"तो नहीं जाएगा."

मला तिथल्या तिथे जाणवतं, की अधिकारीपण म्हणजे हेच. म्हाताऱ्या माणसाचं मन राखायला ती धोटा सोडू शकली असती आणि सगळ्यांनी तिला मायाळू म्हटलं असतं. पण उद्यापासून या पोराने कुणाला अडवताना आधी मॅडमच्या तोंडाकडे पाहिलं असतं.

रांगेच्या दबावाखाली गिळलेल्या एका 'नाही'ची किंमत या देशाने मोजलेली आहे. जून १९८५ मध्ये व्हँकुव्हरच्या काउंटरवर एका प्रवाशाने आपली बॅग एअर इंडियाच्या विमानापर्यंत थेट पाठवा म्हणून हट्ट धरला. पुढच्या विमानात त्याची जागा पक्की नव्हती, म्हणून काउंटरवरची कर्मचारी आधी नाही म्हणाली. तो वाद घालत राहिला, मागे रांग वाढत गेली, शेवटी तिने बॅग घेतली. माणूस विमानात चढलाच नाही. टोरांटोला सामानाचं एक्स-रे यंत्र बंद पडलं होतं. २३ जूनला त्या बॅगेतल्या बॉम्बने एअर इंडियाचं 'कनिष्क' विमान आयर्लंडजवळ समुद्रावर फुटलं आणि ३२९ माणसं गेली. ते विमान दिल्लीमार्गे मुंबईला यायचं होतं, याच सहारला. काउंटरवरच्या त्या बाईला दोष देणं मला जमत नाही. तिच्या मागे दोन पावलांवर असं कुणी उभं नव्हतं.

नागरी विमान सुरक्षा ब्यूरो स्वतंत्र खातं झालं ते त्यानंतर, १९८७ मध्ये. विमानतळांवर तेव्हा राज्यांचे पोलीस असत. डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून दिल्लीला निघालेलं विमान कंदाहारला नेलं गेलं आणि मग हे काम सीआयएसएफकडे यायला लागलं. पहिला जयपूरचा विमानतळ, २००० साली. सरकारी कारखाने राखण्यासाठी १९६९ मध्ये उभं राहिलेलं दल प्रवाशांच्या पिशव्या उघडू लागलं. नियम ब्यूरोचे आणि विमानतळावरच्या तुकडीचा प्रमुख वरिष्ठ अधिकारी. पण प्रवाशाला दिसते ती पाळीवरची इन्स्पेक्टर. तिच्या अधिकाराला कुंपणही आहे: संशयित सापडला तर तिने त्याला अडवायचं आणि पोलिसांच्या ताब्यात द्यायचं. गुन्हा पोलीस ठाण्यातच नोंदवला जाणार. हाताशी बंदुका असलेल्या माणसांना एवढ्या मर्यादेत, रोज हजारो अनोळखी लोकांशी सभ्यपणे वागायला लावणं सोपं नाही.

काकांचे डोळे भरून येतात. "मॅडम, टाकून देऊ नका."

"टाकायचा कशाला?" ती वॉकीटॉकीवर बोलते. विमान कंपनीची मुलगी धावत येते. "ही पिशवी काउंटरवर न्या, विमानाच्या पोटातल्या सामानात टाका. वेळ आहे अजून." मग काकांना म्हणते, "काका, हा तुमच्याच विमानातून येईल, फक्त तुमच्याजवळ नसेल. हैदराबादला पट्ट्यावरून घ्यायचा. चिठ्ठी जपून ठेवा." जवानाला ती नजरेने खुणावते. तो धोटा पुन्हा कागदात गुंडाळतो, या वेळी नीट, दोन्ही टोकं झाकून, आणि दोन्ही हातांनी काकांकडे देतो. त्याने माफी मागितलेली नाही आणि मागायचं कारणही नाही. पण पोरगा आता मघासारखा लाल झालेला नाही.

काका त्या मुलीबरोबर परत जातात. मी पलीकडे थांबतो, चपला घालतो, घड्याळ खिशात टाकतो. इन्स्पेक्टर टेबलापाशीच उभी राहून पोराशी दोन मिनिटं बोलते. "पहले पूछा क्या है, ये ठीक किया. लेकिन सबके सामने चीज़ ऊपर नहीं उठानी. आदमी को लगता है चोरी पकड़ी गई." तो मान डोलावतो. नोंदवही पुढे सरकते.

तिसऱ्या रांगेत आवाज चढतो. कोट घातलेला एक माणूस लॅपटॉप बॅगेबाहेर काढायला तयार नाही; आपण कोण आहोत हे तो मोठ्याने सांगतोय. समोरची जवान मुलगी काकांच्या नातीपेक्षा फार तर दहा वर्षांनी मोठी असेल. इन्स्पेक्टर तिकडे जाते आणि मुलीच्या मागे, जरा बाजूला, उभी राहते. तो माणूस मुलीला सोडून तिच्याशी बोलू लागतो. ती उत्तर देत नाही, फक्त मुलीकडे बघते.

"सर, लैपटॉप बाहर निकालिए," मुलगी दुसऱ्यांदा म्हणते, पहिल्याइतक्याच आवाजात.

तो चेन उघडतो.